गोलकीपर

औलूत तीनलाच अंधार पडतो.
मी दिवसभर फोनवर माफी मागतो
दुसऱ्यांच्या बंद पडलेल्या इंटरनेटची.
भाड्याची तारीख उलटलीय.
झोपेतही जबडा आवळलेला असतो तुझा,
दातांची डॉक्टर म्हणाली.

संध्याकाळी शाळेमागच्या रिंकवर
आधी अर्धा तास भुसभुशीत बर्फ उपसायचा,
मग खेळ.
इल्मारी फटका मारतो तेव्हा
भाडंबिडं आठवत नाही,
फक्त काळी चकती
आणि तिच्याआधी पोचणारा
स्टिकचा आवाज.

काल सात गोल खाल्ले.
कुणी तक्रार नोंदवली नाही.
तुओमास एवढंच म्हणाला,
उद्या तुझं फावडं आण, माझं मोडलंय.

घरी पॅड हीटरवर टाकले.
खोलीभर ओल्या कुत्र्याचा वास.
जबडा चाचपून पाहिला,
जरा सैल लागला.
की नुसताच गारठला होता?