अर्जदाराचे नाव

एकतीस मार्चच्या आत खर्च करा म्हणून
पैसे आले फेब्रुवारीच्या विसाव्याला.
वरातीमागून घोडं,
आणि घोड्याला परतीची तारीख.
वर माळावर शेवाळ लावायचं होतं,
पाणी धरून ठेवणारं, उगमाशी.
माळावर गुडघाभर बर्फ.

आमच्या नगरपालिकेचा हवामान विभाग म्हणजे
मी, आणि आठवड्यातून अडीच दिवस येणारी विनी क्रॉसली.
लंडनहून उद्दिष्टं येतात : सन दोन हजार पन्नास.
विनीला ठाऊक आहे ते एवढंच, की
पुलाखालच्या पट्टीवर साडेतीन मीटर झालं
की मार्केट स्ट्रीटचा खाटीक
फ्रीज टेबलावर चढवतो.

मंत्रालयाचा माणूस आला होता एकदा.
चांगला होता हो. बूट नवे.
'स्थानिक सहभाग' हे शब्द त्यानं
दुसऱ्याचं मूल कडेवर घ्यावं
इतक्या जपून उच्चारले.
मग नवा निधी जाहीर झाला. स्पर्धा.
खोऱ्यातल्या एकाच गावाला मिळणार.

आम्ही ओल्डरॉइड, वरचे.
खाली दोन मैलांवर ल्यूमबँक.
आमची भिंत उंच झाली
तर पाणी त्यांच्या दारात आधी पोचतं.
नकाशावर ते मीच रंगवलं होतं, निळ्या पेन्सिलीनं,
आणि अर्जात कुठेच लिहिलं नव्हतं.

रात्री साडेनऊला ल्यूमबँकच्या शफाकत मीरला फोन केला.
तोही तोच अर्ज भरत होता,
त्याच रकान्याशी अडला होता.
बराच वेळ दोघंही गप्प.
त्याच्याकडे किटली शिट्टी देत राहिली.

मग एकच अर्ज केला.
वर शेवाळ, मध्ये ओंडक्यांचे बांध,
खाली कुरण मोकळं, नदीला पाय पसरायला.
अर्जदाराचे नाव : चौकट एकाच संस्थेपुरती.
दोन गावं मावेनात.
शफाकत म्हणाला, टाक नदीचं.
टाकलं : कॅल्डर.
पत्ता : उगम ते संगम.

तीन आठवड्यांनी कागद परत आला.
'सदर अर्जदार नोंदणीकृत नाही.'
त्याखाली पेनानं, घाईघाईत,
(तो बूटवालाच असावा)
'फोन करा. सोमवारी जागेवर आहे.'

आज शुक्रवार.
विनी पट्टी वाचून आली,
गमबूट दाराशी काढता काढता म्हणाली,
दोन ऐंशी.
आणि छत्री न मिटता उभीच राहिली.