निवेदनाची तिसरी प्रत

जामसंड्याच्या नाक्यावर माझं झेरॉक्सचं दुकान.
मार्गशीर्षातल्या एका बुधवारी
हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती आत शिरली.
सात माणसं, पाच मोटरसायकली,
आणि एकच हेल्मेट, रशीद मुकादमचं,
त्यात पेंढा घालून गावठी अंडी.

अध्यक्ष दाजी ठुकरुल उभ्यानंच सांगू लागले,
लिही. मा. तहसीलदार साहेब. महोदय.
मुद्दा एक, उकाडा.
(मी स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि लिहिलं.)
मुद्दा दोन, घाटीत मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न ऐकू येत नाही.
तिसऱ्यावर वाद झाला.
बाबल्या घाडी म्हणाला, खरा कारण लिही मरे,
पडेलपासून देवगडपर्यंत माका सोळा जणांक हात करूचो लागता.
ह्या मडक्यात डोका घातल्यार सख्खो मेवणो ओळखणा नाय,
वर म्हणता, बाबल्याक गर्व इलो.
सगळे हसले. दाजी म्हणाले, हां, लिही:
'सामाजिक सलोख्यास बाधा.'

'हेल्मेट' इंग्रजी, निवेदन मराठीत हवं,
म्हणून 'शिरस्त्राण' झालं.
माझ्या फॉन्टात ही जोडाक्षरं एकमेकांत घुसतात.
सतरा ठिकाणी सुधारलं.

तेवढ्यात शेवंती कोयंडे आली.
पाटी पायरीवर ठेवून हात पदराला पुसले,
तरी कागदाला बांगड्याचा वास लागलाच.
विमा कंपनीचं पत्र. दोन झेरॉक्स.
मी वाचलं. झेरॉक्सवाला वाचतोच.
मयत प्रणीत, वय बावीस, तळेबाजारचा उतार,
'परिधान केलेले नसल्याने'
आणि पुढे कापलेली रक्कम, अंकी आणि अक्षरी.

"होता रे हेल्मेट," ती मला म्हणाली,
मी काही विचारलं नव्हतं.
"नवीनच घेतलेला. हँडलाक अडकवलेला.
गावला तेव्हा काचेर साधो चरो नव्हतो."

मशीनचा उजेड डावीकडून उजवीकडे गेला.
पुन्हा गेला.
बाबल्या रशीदची अंडी मोजत बसला.

मग तिला टेबलावरचा सह्यांचा कागद दिसला.
"सगळे करतत? खय करू सांग. आंगठो चलात मा?"
दाजींनी कागदावर पालथा हात ठेवला.
"हो नाय गो बाये. हो येगळो."
पंचवीस वर्षं ऐकतोय मी त्यांना, ग्रामसभेत, जत्रेत, स्मशानात,
हा आवाज नव्हता ऐकला.
ती उतरताना दाराला धरून जरा थांबली,
"पायांत त्राण नाय रे," म्हणाली,
आणि पाटी उचलून डोक्यावर घेतली.

चारशे बारा सह्या झाल्या.
चहा सांगितलेला, तो कोणी प्यायलं नाही
असं मी म्हणणार नाही. प्यायले. मीही प्यायलो.

एक प्रत तहसीलला गेली, एक पोलीस ठाण्यात,
तिसरी न्यायला कोणी आलं नाही.
फाल्गुनात साहेबांची बदली झाली,
आंब्याच्या पेट्या रस्त्यावर आल्या,
नियम आपोआप ढिला पडला.
समितीने नारळ फोडला. दाजींना म्हणे ताप होता.

काल शेवंती अर्ज लिहून घ्यायला आली,
फेरविचारासाठी. हाताशी कोरा कागद नव्हता,
म्हणून तिसऱ्या प्रतीच्या पाठीवर
पेन्सिलीनं कच्चं लिहायला घेतलं.
या बाजूला मी 'हेल्मेट'च लिहिलं.
'सोबत होते' की 'जवळ होते', यात बराच वेळ गेला.
शेवटी लिहिलं,
अर्जदाराच्या अंगात आता त्राण नाही.
असलं अर्जात चालत नाही, ते खोडलं.
खोडरबराचा चुरा फुंकला
तर कागदाच्या पलीकडून
उलटी दिसत होती अक्षरं,
त्यातलं ते एक, सतरा वेळा सुधारलेलं.