चौकीच्या भिंतीवर

चौकीची भिंत गेल्याच वर्षी रंगवलीय.
गेरूवर पांढरी माणसं, फेर धरलेली,
मधोमध तारपकरी.
तारपा उलटा धरलाय त्यानं,
रुंद तोंड ओठांना.

आई त्याच भिंतीला टेकून बसली,
डावा हात मांडीवर, परक्याचं पोर सांभाळावं तसा,
आणि म्हणाली, असा वाजवला तर
वारा ह्याच्याच पोटात जाईल.
आम्ही हसलो. बेचाळीस बायका, एक संडास.
आतून कुणीतरी ओरडलं, हसायला काय झालं?

पहाटे साडेपाचला आले.
आधी दोन कुत्री भुंकली, मग सगळी,
मग एकदम कुणीच नाही.
हेल्मेटं, काठ्या, मागे पिवळा जेसीबी,
त्याच्याही मागे सायकलवर चहावाला.
त्याला कुणी सांगितलं होतं एवढ्या पहाटेचं?
आम्हाला तर कुणीच सांगितलं नव्हतं.

आंब्यावर लाल रंगात २१७ होतं, पंधरवडाभर.
आईनं राखेनं घासून पाहिलं. गेलं नाही.
मग ती त्याला तशीच हाक मारू लागली.
दोनशेसतराला यंदा मोहर उशिरा, म्हणायची.

झाडाला तिनं मिठी मारली नाही.
पेपरात येतात ते फोटो दुसऱ्यांचे.
ती बुंध्याशी बसली,
गोरेगाव स्टेशनबाहेर भाजीच्या जुड्या बांधायला बसते तशी,
आणि उठ म्हटल्यावर उठली नाही.

काठी कुणी मारली, मी पाहिलं नाही.
ऐकलं.
सुकी शेंग मोडते, तेवढाच आवाज.
मी वळेपर्यंत
झाडाचाही आवाज सुरू झाला होता.

रजिस्टर उघडलं.
नाव? सोनकी. नवऱ्याचं? रूपजी.
आडनाव? वरठा.
काय ठा?
वरठा.
त्यानं वराडे लिहिलं.
हत्यार: विळा एक, मूठ लाकडी.
दुखापत: पडून.
मी म्हणाले, पडून नाही.
तो म्हणाला, मॅडम, माती ओली होती तिथली.
मॅडम. उभ्या जन्मात पहिल्यांदा.
पत्ता?
आंब्याजवळ, आई म्हणाली.
कुठल्या आंब्याजवळ?
तिनं माझ्याकडे पाहिलं.
त्यानं तो रकाना मोकळाच सोडला.

दाराशी एक शिपाईण होती, पंचविशीची,
छातीवर पाटी: भोये.
आईला वाचता येत नाही,
मी वाचून दाखवलं, जरा मोठ्यानंच.
आई तिच्या बुटांकडे बघत राहिली.
तू कठची गं, पोरी?
ती बोलली नाही.
कुणाची? गाव कंचा? नागली कशी झाली यंदा?
ती बाहेर बघत उभी. गाल हलला फक्त.

दुपारी साहेब जेवायला गेला तेव्हा
ती त्याच्या टेबलावरची लाकडी पट्टी घेऊन आली,
आईचा हात तिच्यावर ठेवला
आणि रुमालानं बांधला,
मोडक्या पायाच्या वासराला बांधतात तशी गाठ, दुहेरी,
टोक आत खोचलेलं.
आईनं गाठ चाचपून पाहिली.
जव्हारकडची, म्हणाली.
भोयेबाई पाणी आणायला गेली ती बराच वेळ आली नाही.

तिच्याही काठीला माती होती.
सगळ्यांच्याच होती.
मी आईला हे सांगितलं नाही,
पण आई काही आंधळी नाही.

रात्री जोगेश्वरीला ट्रॉमात प्लास्टर घातलं.
पट्टी परत द्यायची राहून गेली.

आता महिना झाला.
वकील म्हणतो, जागा किती ते नीट सांगा,
कोर्ट अंदाज ऐकत नाही.
आई रोज संध्याकाळी उकिडवी बसते
आणि उजव्या हातानं
साहेबाची पट्टी मातीवर आडवी टाकत सरकते,
आंब्याच्या खड्ड्यापासून
वाघोबाच्या धोंड्याकडे.
मी टेप आणते म्हटलं तर नको म्हणाली.
काल चारशे बारा पट्ट्या झाल्या आणि अंधार पडला.
तिथं तिनं खूण म्हणून एक चप्पल ठेवलीय.