मधली जागा

गालांवर भुलीचं मलम थापून
तोरुन तासभर बसली आहे खिडकीशी.
सकाळचे अकरा. ट्रोम्सो, नोव्हेंबरची अखेर.
पुलावरचे दिवे विझलेले नाहीत,
आज विझणारही नाहीत.
आमचा हंगाम हाच, सूर्य नसतानाचा.

डॉक्टर हेन्निंग जाळतात, मी फुंकर घालते:
गार हवेची नळी धरायची, हे माझं काम,
चौदा वर्षं.

तोरुनला फार समजवावं लागलं नाही.
बंदरावर ती मासेमारीची जाळी सांधते.
डॉक्टरांचं चित्र बघून म्हणाली,
म्हणजे जाळायचं, पण जाळ्यासारखं.
हो, तसंच.

पूर्वी अख्खा गाल सोलून काढत.
आठवडेच्या आठवडे ओला, उघडा,
नव्या कातडीला शेजारी कुणी नाही.
आता किरण तुटक पडतो,
केसाहून बारीक खांबांत.
त्वचेतलं पाणी तो उजेड पिऊन तापतं
आणि तेवढाच खांब मरतो.
शंभरातला पंधरावा हिस्सा, कधी वीस.
बाकीची जागा, जिला कुणी हात लावला नाही,
रात्रीतून सरकत येते,
मेलेलं वर ढकलते
आणि खाली नवा धागा विणायला घेते.
ते विणकाम महिनोन् महिने चालतं,
तोवर बाई विसरूनही जाते.

सगळ्यांना आम्ही हो म्हणत नाही.
एइविंड, वय सतरा, मुरूम अजून पेटलेले,
गोळ्या चालू. आग विझू दे बाबा,
मग राखेचं बघू.
हालवोर तर कॅनरी बेटांवरून
उकडलेल्या खेकड्यासारखा लाल होऊन आला,
बायकोनं वाढदिवसाला भेट दिली म्हणे.
रंग उतरल्यावर या, सांगितलं.
आणि खरं सांगायचं तर
तीस वर्षांचं वय आमच्याकडे मिळत नाही.

लेतेब्रहानचं मात्र मनात राहिलं.
ती बस चालवते. हनुवटीवर लहानपणीचा
भाजल्याचा डाग.
गडद त्वचा जखमेची आठवण
गडद शाईनं लिहून ठेवते, म्हणून डॉक्टर म्हणाले,
आच कमी ठेवू, ठिपके विरळ,
आधी जबड्याखाली एवढ्याशा जागेत करून पाहू.
मग तिनं केस मागे घेतले.
कान टोचले होते तिथे
वाटाण्याएवढी गाठ, चकचकीत, दोन्ही बाजूंना.
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
तिच्या अंगाला भरून यायचं कळतं,
थांबायचं कळत नाही.
कोट चढवताना ती मला म्हणाली,
माझ्या नावातच उजेड आहे, ब्रहान म्हणजे उजेड.
तुमचा तेवढा चालत नाही.
आणि हसली. मी हसले नाही.

तोरुनच्या डोळ्यांवर धातूच्या वाट्या.
टक टक टक, गारपीट पत्र्यावर पडावी तसं.
जळक्या केसांचा वास.
तिनं माझ्या कोटाची बाही पकडली,
पुढचा अर्धा तास सोडली नाही.
तिसऱ्या दिवशी चेहरा सुजून परका,
पाचव्या दिवशी गालभर चहाची भुकटी.
खरवडू नकोस, मी फोनवर.
नाही खरवडत, ती, खोटं.

जानेवारीत सूर्य परतला त्या दुपारी
अख्खं गाव मुरांब्याचे गोड पाव हातात घेऊन
चढावर उभं होतं.
तोरुन टोपी डोळ्यांपर्यंत ओढून,
नाकावर पांढऱ्या मलमाचा थर.
अगं, या उन्हात दम नाही,
जपायचं ते एप्रिलच्या बर्फावरचं.
पण डॉक्टरांचं सगळं तिनं पाठ केलेलं.

मग तिनंच टोपी काढली.
ऊन आडवं आलं, अगदी क्षितिजालगत.
खड्ड्यांचं खरं माप घेणारा उजेड तो,
डोक्यावरचा दिवा पुष्कळ लपवतो.
गेले? तिनं विचारलं.
गेले नव्हते.
काठ मऊ झाले होते,
सावल्या आखूड.
अजून तीन वेळा, मी म्हटलं.

खालच्या थांब्यावर बस उभी होती,
वेळ होऊन गेली तरी सुटत नव्हती.
चालकाच्या खिडकीतून एक चेहरा
डोंगराकडे बघत होता.

तोरुननं अर्धा पाव मोडून मला दिला.
मुरांबा तिच्या गालाला लागला होता.
पुसायला हात गेला माझा,
सवयीनं मधेच थांबला.