ओळख पटत नाही

हवल्लीच्या कम्प्युटर गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
रोडेल माझ्या लॅपटॉपचं पोट उघडतो
आणि आधी शिंकतो.
पंख्याच्या पात्यांत पाच वर्षांची धूळ,
बेसनासारखी मऊ, पिवळसर.
"अख्खं कुवेत आत घेऊन फिरताय, सर,"
म्हणतो, आणि ब्रश शोधायला लागतो.

घेतला होता एका परत निघालेल्या इंजिनियरकडून,
नव्वद दिनारला. पिशवी फुकट.
चार किलोचा धोंडा, बटणांखाली लाल दिवे.
तो म्हणाला होता, "याचं कार्ड बदलता येतं बरं का.
हल्लीच्यांचं नाही येत, बोर्डालाच डाख दिलेला असतो."
त्या एका वाक्यावर मी चार महिने काढले.

कार्ड मागवलं शेन्झेनहून.
पंचवीस दिवस ते कुठे होतं, अल्ला जाणे.
मग कस्टमवाल्याने विचारलं, हे काय?
म्हटलं, चित्र काढणारा तुकडा.
त्याने तुकड्याकडे बघितलं नाही,
माझ्याकडे बघितलं.

आता कारण सांगतो.
सायमा खेडला, बारा वर्षांची.
गुरुवारी रात्री आम्ही दोघं एकाच खेळात उतरतो.
ती बेट बांधते, मी तिच्या मागे मागे चालतो.
नवं व्हर्जन आलं तसं माझ्या पडद्यावर
तिचं झाड म्हणजे हिरवा खोका,
तिचं तळं म्हणजे राखाडी फरशी,
आणि तिला स्वतःला चेहराच नाही,
नाकडोळ्यांच्या जागी नुसतं सपाट,
घासलेल्या टोपाच्या बुडासारखं.
"अब्बा, पाण्यात चंद्र बघा."
"बघितला," म्हणतो मी,
फरशीकडे बघत.

रोडेल कार्ड बसवतो. तांब्याची नळी
दोन मिलिमीटर अलीकडे येते.
तो कानस घेतो. मी दुसरीकडे बघतो.
मग चार्जर कमी पडतो,
खालच्या दुकानातून विटेएवढा नवा आणतो,
चौदा दिनार, घासाघीस करून.
मग पेस्ट, मग स्क्रू, मग बिस्मिल्ला,
मग बटण.

आठ बीप.
काळा पडदा.
पुन्हा बटण. पुन्हा आठ. मी मोजले.

"बसलंय ना नीट?"
"एकदम नीट. सगळ्या पिना लागल्यात."
"मग?"
"मशीन ओळखत नाही, सर. कंपनीच्या यादीत
याचं नाव नाही."

हे मला दुसऱ्यांदा समजवावं लागलं नाही.
फरवानियाच्या खिडकीवर, काचेपलीकडून,
सतरा वर्षांत किती वेळा ऐकलंय:
फोटो बरोबर, बोटांचे ठसे बरोबर,
सिस्टीममध्ये नाव नाही, बुक्रा या.
निदान तिथे बीप वाजत नाही.

जुनं कार्ड परत बसवलं.
रोडेलने सहाचे चार घेतले,
वर चहा पाजला, जास्त साखरेचा.

रात्री खैतानच्या खोलीत
दिलावर घोरतोय, मी हेडफोन लावून बसलोय.
"बसलं का, अब्बा?"
बसलं असं म्हणणार होतो.
"नाही बसलं," म्हटलं. "आणि तो चंद्र...
मला कधी दिसलाच नाही."
ती गप्प. पंखा घरघरतोय,
धूळ गेली तरी तसाच.

"मग मी सांगते," म्हणाली.
"तळ्याला पायऱ्या आहेत. सात.
चंद्र थोडा वाकडा झालाय, माझ्याकडून.
एक होडी बांधलीय, ती मात्र पाण्यात बुडतेय,
ते नंतर बघू.
आणि तुम्ही काठावर उभे आहात."
"मी कसा दिसतो?"
"टोपी उलटी आहे. बाकी बरे दिसता.
एक पाऊल मागे व्हा, पडाल."

झालो मागे.
राखाडी फरशीपासून एक पाऊल.

शेन्झेनचं कार्ड खिडकीत, खोक्यात;
परत पाठवायचं तर बारा दिनार.
आणि आज सकाळी टेबलावर, चटणीच्या बाटलीच्या झाकणात,
एक स्क्रू सापडला.
तिळाएवढा. कुठला, कळत नाही.
लॅपटॉप हलवून बघितला, आत काही वाजत नाही.
चालू करून बघितला, चालतो.