पंधरा किलो

मंगळवारचं पहाटेचं तिकीट स्वस्त, म्हणून मंगळवार.
चिपी जवळ, पण मोप्याहून नऊशेनं कमी,
म्हणून मोपा.
खिडकी घेतली नाही, जेवण घेतलं नाही.
तीन महिने आधी, रात्री दोनला, हैदराबाद.
सामान पंधरा किलो. वर गेलं की दंड.

आईनं बॅग वेंगुर्ल्याच्या जेटीवर नेली
आणि शेठच्या काट्याला अडकवली,
जिथं सुरमई लटकते.
सतरा.
तिनं आगळाची बाटली काढली,
तांदूळ काढले. सुके बांगडे काही काढेना.
तिरफळं माझ्या खिशात ओतली,
दोन शर्ट एकावर एक चढवले मी,
तेव्हा कुठे काटा पंधरावर आला.
"वाचले बघ पोराचे पैसे," शेठ म्हणाला.

मोप्याला लाल आकडे उमटले:
सोळा किलो दोनशे.
काउंटरवरच्या मुलीनं सातशेची पावती दिली,
हसून.

फोनवर सांगितलं. वाटलं, सातशेसाठी हळहळेल.
ती गप्पच.
मागे कुणीतरी बर्फ फोडत होतं.

"पंदरात एक किलो दोनशे?
परत सांग."
सांगितलं.
"थंयचो काटो खरो मां?"
"सरकारी शिक्का आहे, आई."
"तुजो बापूस बावीस वर्सां हयच म्हावरा घालता."

माझ्या रांगेचं नाव पुकारलं.
खिशातल्या तिरफळांचा वास दोन शर्टांतून वर येत होता.

"ती पावती उडवू नको," ती म्हणाली,
"येताना हाड."