आठ

दुधमल ब्लेंडर हायड्रोमीटर सोडतात नळकांड्यात,
मान तिरकी करून डोळा रेषेवर आणतात
आणि आकडा सांगतात, मी वहीत घेते.
एकोणीस वर्षं बेचाळीस पूर्णांक आठ.
आता छत्तीस.

वरून निरोप होता : मळी महागली, ड्यूटी वाढली,
जालन्याच्या बाजारात समोरच्याची बाटली
वीस रुपयांनी खाली.
किंमत हलवायची नाही.
पाणी हलवा.

लेबल पुण्याहून आलं.
घोडा तोच, जरा जास्त सोनेरी.
'आठ वर्षं मुरलेली' मधलं 'वर्षं' गेलं,
'मुरलेली' गेलं,
आठ राहिला एकटा, टापांखाली, ठळक.
म्हटलं, आठ काय?
मार्केटिंगचा पोरगा म्हणाला, मॅडम, लोकांना सवय आहे आठाची.
छत्तीस टक्के मागच्या बाजूला, मुंगीएवढं.
खोटं कुठंच काही नाही.

दुधमलांनी पहिल्या बॅचचा घोट
तोंडात फिरवला, थुंकला.
"लिहा, पास."
मग बेसिनपाशी बराच वेळ चुळा भरत राहिले.

बायपासच्या परमिट रूममध्ये एक रिटायर मास्तर
सोडा मागवेनासे झालेत, म्हणे.
बाकी खप वाढलाय.

वाळूजहून घरी आले तर नळाचा दिवस,
आठवा.
पाऊण तास धार आली, करंगळीएवढी.
निळं पिंप गळ्यापर्यंत भरलं, झाकण लावलं,
आणि झाकणावर खडूनं तारीख घातली आजची,
किती दिवसांचं ते
पिणाऱ्याला कळावं म्हणून.